क्रमशः आणि समाप्त: ली फॉकची स्ट्रिप आणि आपलं इंद्रजाल

"मामा, ह्याला आत्ताचं आत्ता आठवत नाही का?"

माझ्या दहा वर्षांच्या भाचीने इंद्रजाल कॉमिक्सचा एक जुना अंक माझ्यापुढे धरला आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. जंगलात राहणाऱ्या मुखवटेवाल्या नायकाला, वेताळाला, तळघरात कोंडलेलं. आधीच्याच चौकटीत दार लागलं होतं, कडी पडली होती, तिने ते वाचलंही होतं. आणि तरी ह्या चौकटीच्या माथ्यावर पुन्हा लिहिलेलं की वेताळ तळघरात कोंडला गेला आहे. तिच्या वयाचा असताना मलाही हे खटकायचं. पण आमच्या वेळी एसटी स्टँडवरच्या गाड्यावर उभ्याउभ्या अंक वाचून संपवायचा असायचा, प्रश्न विचारायला सवड कुणाला होती?

तिला जे उत्तर दिलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. कारण हा वेताळ ज्याने निर्माण केला तो ली फॉक माझा सगळ्यात आवडता लेखक आहे आणि त्याचं कौतुक करणारे बहुतेक लोक एका गल्लतीवरून पुढे जातात. ते म्हणतात, फॉक कॉमिक्स लिहायचा. तिच्या हातात होतं ते कॉमिकच, पण फॉकने लिहिली होती स्ट्रिप. दोन्हींत चौकटी असतात, बोलण्याचे फुगे असतात, तोच वेताळ, तीच त्याची प्रेयसी डायना, तोच त्याचा मित्र गुर्रन असतो. तरी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही कामं वेगळी आहेत. एकाच्या तळाशी रोज 'क्रमशः' असतं आणि दुसऱ्याच्या शेवटच्या पानावर 'समाप्त'.

स्ट्रिप म्हणजे वर्तमानपत्रातली तीन-चार चौकटींची आडवी ओळ. सोमवार ते शनिवार, रोज एक. रविवारी रंगीत पुरवणीत मोठं पान, आणि वेताळाच्या बाबतीत त्या पानावर वेगळीच गोष्ट चालायची. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी लेखकाच्या डोक्यात. कॉमिक म्हणजे पिनांनी शिवलेला अंक, पाठीपोट मुखपृष्ठ, आत एक अख्खी गोष्ट, एका बैठकीत वाचून होणारी.

गल्लत व्हायला इतिहासही कारणीभूत आहे. अमेरिकेत कॉमिकचा अंक जन्मला तोच स्ट्रिपच्या पोटी. १९३४च्या सुमाराला तिथे असे अंक नियमित निघू लागले, तेव्हा त्यांत वर्तमानपत्रात येऊन गेलेल्या स्ट्रिपच पुन्हा छापलेल्या असत. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा अंकात आला, तोही मुळात स्ट्रिप म्हणून काढलेला. सिंडिकेटांनी नाकारला, मग त्या चौकटी कापून पानांवर चिकटवून गोष्ट तयार केली गेली. सिंडिकेट म्हणजे लेखक-चित्रकाराकडून स्ट्रिप घेऊन ती गावोगावच्या वर्तमानपत्रांना विकणारी कंपनी. फॉकचा व्यवहार अशाच एका कंपनीशी, किंग फीचर्सशी, होता. त्याचा जादूगार मँड्रेक ११ जून १९३४ला सुरू झाला आणि वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, १७ फेब्रुवारी १९३६ला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, चेहऱ्यावर मुखवटा आणि डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग, हे सगळं वेताळाने सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी आणलं.

आता स्ट्रिप लिहिणं म्हणजे काय, ते एका दिवसापुरतं बघू. समजा, आज मंगळवार आहे आणि वेताळ तळघरात आहे. पहिली चौकट त्या माणसासाठी, ज्याने सोमवारचा पेपर वाचलाच नाही. तो गावाला गेला असेल, पेपर शेजाऱ्याने नेला असेल. त्याला एका ओळीत सांगावं लागतं: वेताळ कोंडला गेला आहे. दुसरी चौकट रोजच्या वाचकासाठी. त्याला काहीतरी नवं हवं, म्हणून वेताळाला भिंतीतून पाण्याचा आवाज येतो. तिसरी चौकट उद्याच्या पेपरसाठी. पाणी गुडघ्यापर्यंत आलंय आणि वर कुणाची तरी पावलं वाजतात. बस, आजचं संपलं. मित्राची की शत्रूची, ते उद्या.

तीन चौकटी, त्यांतली एक मागचं सांगण्यात गेली, एक पुढची ओढ लावण्यात. गोष्ट पुढे नेण्यासाठी हातात राहते मधली एक. ह्या एका चौकटीच्या जागेत फॉकने पासष्ट वर्षं संसार केला. चातुर्मासात देवळात पोथी वाचणारे बुवा आठवतात का? 'काल आपण कुठवर आलो होतो' असं म्हणत दोन वाक्यांत कालचा अध्याय उभा करायचे, आणि नेमकं अडचणीच्या जागी पोथी फडक्यात बांधायचे. जे रोज येत होते त्यांना ती दोन वाक्यं जड वाटत नसत, आणि जे आजच आले होते त्यांचं त्यांच्यावाचून भागलं नसतं. फॉकची पहिली चौकट ही त्या बुवांची दोन वाक्यं आहेत.

तेच वाक्य कॉमिकच्या पानावर आलं की मात्र अडखळायला होतं. पानावर सोमवार आणि मंगळवार यांच्यामध्ये रात्र नसते. एका चौकटीत दार लागतं आणि पुढची लगेच तेच सांगते. भाचीचं बोट नेमकं त्या रात्रीच्या जागी पडलं होतं.

सगळ्याच स्ट्रिपना ही अडचण येते असं नाही. आपला चिंटू घ्या. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांनी १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू केलेली ही स्ट्रिप त्याच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपते. तिचं पुस्तक केलं तरी काही बिघडत नाही, कुठलंही पान उघडा आणि हसा. फॉकचा प्रकार दुसरा. त्याची एकेक गोष्ट महिनोन् महिने चालायची. अशी स्ट्रिप पुस्तकात आणली की शिवण दिसतेच.

आणखी एक फरक मला फार मोठा वाटतो. कॉमिकच्या लेखकाला पहिलं पान लिहिताना शेवटचं माहीत असतं, निदान अंक छापायला जाण्याआधी तो मागे जाऊन दुरुस्ती करू शकतो. स्ट्रिपवाल्याला मागे जाता येत नाही. कालची चौकट लोकांच्या घरी पोचलेली असते. वेताळाच्या पहिल्याच गोष्टीत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी वाटणारा तरुण आहे. मुखवट्याआडचा माणूस हाच निघणार, असा फॉकचा बेत होता. गोष्ट पेपरात चालू असताना त्याचा विचार बदलला. वेताळ हा शहरातला कुणी गृहस्थ नसून चारशे वर्षं बापाकडून मुलाकडे चालत आलेला वारसा आहे, हे त्याला सुचलं. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेला तरुण, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, तिथपासून एकविसाव्या वेताळापर्यंतची साखळी. जिमी बिचारा तसाच मागे राहिला. हे सगळं लिहून झाल्यावर सुचलेलं नाही, लिहिता लिहिता सुचलेलं आहे, तेही वाचकांच्या डोळ्यांदेखत. माझ्या मते फॉकची सगळ्यात थोर कल्पना स्ट्रिपच्या ह्या सक्तीतून आली. मागे जाता येत नव्हतं, म्हणून तो खोल गेला.

त्याच्या 'जंगलातल्या जुन्या म्हणी'सुद्धा ह्याच अडचणीतून निघालेल्या हत्यारासारख्या आहेत. 'कधी कधी वेताळ जंगल सोडतो आणि साध्या माणसासारखा शहराच्या रस्त्यांतून चालतो.' एवढं लिहिलं की पुढच्या चौकटीत लांब कोट, हॅट, गॉगल आणि शेजारी त्याचा लांडगा डेव्हिल. जंगलातून शहरात यायला कॉमिकच्या लेखकाने अर्धं पान घेतलं असतं. फॉकने एका ओळीत माणूसही हलवला आणि त्याची दंतकथाही वाढवली. म्हण आहे म्हटल्यावर ती दहादा आली तरी चालते, उलट वाचक तिची वाट बघतो. मागचं सांगण्याची सक्ती त्याने गाण्यातल्या धृपदासारखी वापरून घेतली.

हे नाटकवाल्याचं कसब आहे. फॉकचं अर्धं आयुष्य रंगभूमीवर गेलं. त्याने नाटकं लिहिली, सुमारे तीनशे नाटकांची निर्मिती केली, शंभरेक बसवली. मार्लन ब्रँडोही त्याच्या एका निर्मितीत होता. पात्राने कुठून यायचं, कोणत्या वाक्यावर जायचं आणि पडदा कधी पाडायचा, हे त्याला दररोज तिसऱ्या चौकटीत करावं लागे. चित्रं मात्र दुसऱ्यांची: वेताळाची आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय, मग कितीतरी वर्षं साय बॅरी, आणि मँड्रेकची फिल डेव्हिस आणि त्याच्यानंतर फ्रेड फ्रेडरिक्स. चित्रकार बदलले तरी वेताळाचं बोलणं बदललं नाही. थोडं, ठाम, समोरच्याला घाम फोडणारं.

पोशाखाच्या रंगाचा घोळही ह्याच दोन गोष्टींच्या गल्लतीचा. रोजची स्ट्रिप काळी-पांढरी. फॉकच्या मनात तो रंग करडा होता. १९३९मध्ये रविवारचं रंगीत पान सुरू झालं तेव्हा छापणाऱ्यांनी जांभळा दिला. इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. लेखकाने रंग लिहिलाच नव्हता, तो ज्या त्या देशातल्या अंकाने भरला. खरा रंग कोणता, यावर लोक हिरिरीने भांडतात. रोजच्या स्ट्रिपमध्ये त्याला रंगच नव्हता, एवढंच माझं म्हणणं आहे.

मग इंद्रजालने काय केलं? टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४मध्ये ते सुरू केलं, आणि पहिल्या अंकात होती वेताळाच्या कमरपट्ट्याची गोष्ट, जी पेपरातून दहाएक वर्षांपूर्वी येऊन गेली होती. आडव्या चौकटी उभ्या पानावर बसवायच्या म्हणजे कापाकापी आली. कुठे चौकटीची कड गेली, कुठे वरखाली चित्र वाढवलं गेलं, कुठे मागचं सांगणारी ओळ गाळली, कुठे राहून गेली. जी राहून गेली ती भाचीला सापडली. नावंही बदलली: वेताळ राहतो त्या बंगाला देशाचं डेंकाली झालं, सिंग चाच्यांचे सिंगा झाले, आपल्याकडे कुणाला लागू नये म्हणून. आणि गोष्टी छापल्या त्या लिहिल्या गेल्या त्या क्रमाने नव्हे. फॉकच्या पहिल्या गोष्टी आशियातल्या बंगाल्याच्या वाटतात, पुढे तो देश हळूहळू आफ्रिकेत सरकला. पेपर वाचणाऱ्याच्या हे वर्षांच्या अंतराने ध्यानात आलं असेल, किंवा आलंही नसेल. आम्हाला एका महिन्यात हे आणि पुढच्या महिन्यात ते मिळायचं. भूगोल जुळता जुळत नसे.

तरीही इंद्रजालला कमी लेखणं मला जमणार नाही. त्याने आम्हाला जे दिलं ते पेपरच्या वाचकाला कधी मिळालं नाही: वेग. तिथे सहा महिने लागलेली सुटका इथे पाऊण तासात. कवटी गुहेतल्या बखरी, बंदार बुटक्यांची विषारी बाणांची फौज, माणसं न खाणारे वाघसिंह असलेलं ईडन बेट, हे सगळं एका दमात अंगावर यायचं. बी. गोविंद यांची रंगवलेली मुखपृष्ठं तर वर्तमानपत्राकडे नव्हतीच. वेताळ मराठी बोलू लागला तो ह्या अंकांतूनच, आणि 'वेताळ' हे नाव त्याला इतकं चिकटलं की फँटम म्हटलं की मला अजून परका माणूस वाटतो.

खास अंकासाठी लिहिलेला वेताळही आहे, हे सांगायला हवं. स्वीडनमध्ये १९५०पासून त्याचा स्वतंत्र अंक निघतो आणि १९६०च्या दशकात तिथे दुसऱ्या लेखकांनी नव्या गोष्टी लिहायला सुरुवात केली. त्या मी थोड्या वाचल्या आहेत. बांधणी घट्ट, मागचं सांगणारी वाक्यं नाहीत, जुन्या वेताळांच्या काळातल्या इतिहासात रमणाऱ्या. चांगल्या आहेत. पण तिसऱ्या चौकटीवर पडणारा तो पडदा त्यांत नाही, आणि मला तोच हवा असतो.

त्या संध्याकाळी भाचीला पेन्सिल आणि पट्टी दिली. म्हटलं, जिथे जिथे गोष्ट श्वास घेते असं वाटेल तिथे रेघ ओढ. पहिल्या दोन पानांवर चुकली. मग तिला खूण सापडली: जिथे कुणीतरी दचकून मागे बघतं किंवा दार उघडतं आणि आत कोण ते दिसत नाही, तिथे दिवस संपतो, आणि जिथे पुन्हा सगळं सांगितलं जातं तिथे दुसरा दिवस उजाडतो. चार पानांवर तिच्या रेघा पडल्या तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे इथे झोपायचं?" आणि अंक मिटून उशाशी ठेवला. पुढची चौकट तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच वाचली.

फॉक १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेला. तेव्हा वेताळाच्या त्याच्या दोन्ही गोष्टी, रोजची आणि रविवारची, अर्ध्यात होत्या. त्या त्याची पत्नी एलिझाबेथ हिने पुऱ्या केल्या.