शाळेचा पैसा, शाळेचा कारभार आणि 'लोकसहभाग' हा शब्द

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-सांगोल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत पंखा बंद असताना वर पाहिले की पात्यांवर रंगवलेली अक्षरे दिसतात. कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ, सप्रेम भेट. तशीच अक्षरे लोखंडी कपाटावर, पाण्याच्या टाकीवर, प्रवेशद्वाराच्या कमानीवर. गावाने शाळेवर जीव लावल्याची ही खूण आहे आणि ती खरी आहे. पण पंखा देणारा मिळतो, पंख्याचे वीजबिल भरणारा मिळत नाही. ते बिल मुख्याध्यापकांनाच भागवावे लागते. शाळेच्या निधीची गेल्या पंचवीस वर्षांतली ओढाताण समजून घ्यायला इथूनच सुरुवात केलेली बरी.

तालुक्याच्या आढावा बैठकीत 'तुमचा लोकसहभाग किती?' असे विचारतात, तेव्हा उत्तर रुपयांत अपेक्षित असते. पालकांच्या किती बैठका झाल्या, त्यांनी काय ठरवले, कशाला नकार दिला, याला तक्त्यात रकाना नसतो. या शब्दाचा अर्थ असा नेहमीच नव्हता.

शाळेच्या खर्चात गावाचा वाटा जुनाच आहे. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. हा पैसा शेतसाऱ्याबरोबर सक्तीने वसूल व्हायचा. कुणाच्या दारी जाऊन मागावा लागत नव्हता. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे गेल्या, १९४७ च्या कायद्याने शिक्षण मंडळांची चौकट पक्की केली आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. तेव्हापासून पगार राज्याच्या अनुदानातून, खडू-रजिस्टरांचा किरकोळ खर्च सादिल अनुदानातून, आणि जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उपकरातून, म्हणजे सेसमधून, जमेल तेवढी दुरुस्ती, अशी घडी बसली. वर्ग मारुतीच्या देवळात किंवा चावडीत भरत असेल तर गाव जागा द्यायचे, भिंतीला हात लावायचे. त्याला कुणी लोकसहभाग म्हणत नव्हते.

हा शब्द सरकारी कागदावर रुळला तो नव्वदच्या दशकात. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम मराठवाड्यातल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला. शेजारचा उस्मानाबाद त्यात होता, सोलापूर नव्हते. त्याच सुमारास आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख हे पद आले. पुढे सर्व शिक्षा अभियानाबरोबर थेट शाळेच्या खात्यावर पैसे येऊ लागले. प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये शाळा अनुदान, दुरुस्तीसाठी खोल्यांच्या संख्येनुसार ५,००० ते १०,००० आणि शिक्षकाला साहित्यासाठी ५०० रुपये. रक्कम लहान होती, पण वर्षानुवर्षे एकेका खडूच्या पेटीसाठी पंचायत समितीकडे पाहणाऱ्या मुख्याध्यापकाच्या हाती पहिल्यांदाच पासबुक आले. कीर्द लिहिणे, दरपत्रके मागवणे, समितीचा ठराव घेणे हे सगळे तो त्या वर्षांत शिकला.

खरा पेच शिक्षण हक्क कायद्यापासून सुरू होतो. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण निम्म्या महिला. कायद्याने या समितीला स्पष्ट शब्दांत तीन कामे दिली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे, आणि सरकार, स्थानिक संस्था किंवा अन्य कुठूनही आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे. या तीन कामांत पैसा जमवणे नाही. पुढचे कलम २२ तर सांगते की समितीने केलेला आराखडा हाच सरकारच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा पाया असेल. म्हणजे पालकांनी गरज सांगायची, सरकारने पैसा द्यायचा आणि पालकांनीच त्याचा हिशोब पाहायचा. या कायद्यातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी वापरला गेलेलाही हाच.

व्यवहारात उलटे झाले. आराखड्यात 'दोन खोल्यांचे पत्रे बदलणे' असे लिहिले, तर पुढचा प्रश्न 'लोकसहभागातून किती होईल?' असा येऊ लागला. २०१५ च्या जून महिन्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा निर्णय निघाला आणि डिजिटल शाळांची लाट आली. प्रोजेक्टर, टॅब, रंगवलेल्या भिंती, सगळे वर्गणीतून. सोलापूर जिल्ह्यात पुढे 'स्वच्छ शाळा, सुंदर शाळा' उपक्रमातही गावांनी हात सैल सोडला. शाळा देखण्या झाल्या, पट टिकला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या गावात साखर कारखाना, बाजारपेठ किंवा पुण्यात नोकरीला असलेले माजी विद्यार्थी आहेत तिथे वर्गणी उभी राहते. ज्या वस्तीवरून दिवाळीनंतर निम्मे आईबाप ऊसतोडीला जातात, तिथे पैसा सोडाच, समितीच्या बैठकीचा कोरम भरणेही अवघड. दोन्ही शाळांना मात्र तोच तक्ता भरावा लागतो.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव जगभर गेले आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. जिल्ह्याची मान उंचावली. त्याचबरोबर 'एक शिक्षक हे करू शकतो, मग तुम्ही का नाही?' हा प्रश्नही प्रत्येक बैठकीत आला. एका माणसाच्या जिद्दीवरून हजारो शाळांच्या निधीची गरज मोजता येत नाही.

शिवाय हे सगळे उभे करायला शाळेला मुख्याध्यापक लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी १५० हून अधिक आणि सहावी ते आठवीसाठी १०० हून अधिक पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक असे आहे. राज्याने संचमान्यतेला, म्हणजे शाळेतली पदे मंजूर करताना, बहुतांशी असेच निकष लावले. वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत १५० मुले येणार कुठून? तिथे दोघांतला ज्येष्ठ शिक्षक प्रभारी. दोन वर्ग शिकवायचे, पोषण आहाराची नोंद करायची, ऑनलाइन माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात गावाचे नेतृत्वही करायचे. प्रशिक्षणात नेतृत्वगुणांवर व्याख्यान होते तेव्हा समोर बसलेल्यांत असे प्रभारी किती आहेत, हे आयोजकांनी आधी विचारायला हवे.

सोलापूर शहरातली गोष्ट निराळी. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड अशा माध्यमांच्या. पालक यंत्रमागावर, नाहीतर घरी विड्या वळणाऱ्या आया. शिक्षकांच्या पगारातला निम्मा भार पालिकेच्या तिजोरीवर. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, तेव्हा त्या तिजोरीचा आणि पर्यायाने शाळांचा आधार हलला. २०१३ च्या कायदाबदलानंतर शिक्षण मंडळेही संपली. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईला दुपारी दोनच्या बैठकीला बोलावणे म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी कापणे. बैठक तिच्या वेळेला आणि तिच्या भाषेत घेतली तर ती येते, बोलते, हे मी पाहिले आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजनेचा निर्णय निघाला. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी रुपयांच्या मोलाच्या वस्तू किंवा सेवा देणाऱ्याला तेवढ्या काळापुरते शाळेच्या नावाला आपल्या पसंतीचे नाव जोडता येते. रोख रक्कम घ्यायची नाही, ही अट चांगली आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, पंख्यावर नाव चालते तर शाळेवर का नको? फरक आहे. पंख्यावरचे नाव दात्याच्या वडिलांचे असते, शाळेचे नाव गावाचे असते. आणि शाळा दत्तक द्यायची की नाही हे पालकांची समिती खरोखर ठरवणार की तयार ठरावावर सही करणार, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

समितीच्या हातचे पासबुकही आता पूर्वीचे उरलेले नाही. २०२१ पासून केंद्रीय योजनांचा पैसा एकाच मध्यवर्ती खात्यात राहतो आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. वेळेत बिल टाकले नाही तर मर्यादा परत जाते. समग्र शिक्षा या केंद्रीय योजनेचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत १०,०००, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती सारे याच रकमेत. कलम २२ प्रमाणे समितीने गळणाऱ्या खोल्यांची कितीही नेमकी यादी केली, तरी पट १०० असेल तर शाळेच्या वाट्याला २५,००० येतात आणि १०१ झाला तर ५०,०००.