पाठीतलं पाणी काढल्यावर डोकं का दुखतं?

1898 साली जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी मणक्यातून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. सिरिंज सुईवर नीट बसली नाही आणि पाठीतलं बरंच पाणी वाहून गेलं. पुढे कित्येक दिवस त्यांचं डोकं दुखत राहिलं. आडवं झालं की त्रास थांबतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं. लंबर पंक्चरनंतरची, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून हे पाणी काढल्यानंतरची डोकेदुखी आजही याच खुणेवरून ओळखली जाते: बसलं-उभं राहिलं की ठणका, झोपलं की आराम.

हे पाणी मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं, साधारण 150 मिलिलिटर. शरीर दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर नवीन तयार करतं, त्यामुळे तपासणीसाठी काढलेलं थोडंसं पाणी काही तासांत भरून निघतं. खरी अडचण हे पाणी धरून ठेवणाऱ्या आवरणाला सुईने पडलेल्या छिद्राची. ते मिटेपर्यंत पाणी आतल्या आत झिरपत राहतं. आधार कमी झालेला मेंदू उभं राहिल्यावर किंचित खाली ओढला जातो, त्याच्या आवरणांवर ताण येतो, शिरा फुगतात.

हा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. तरुणांना जास्त, लहान मुलांना आणि साठीपुढच्यांना कमी. पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त, त्यातही गरोदर स्त्रियांना. बारीक अंगाच्या माणसांना, आधीपासून डोकेदुखी असणाऱ्यांना आणि पूर्वी एकदा असा अनुभव आलेल्यांनाही धोका अधिक. यातलं काहीच बदलता येत नाही.

सुई मात्र बदलता येते, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. नेहमीच्या सुईचं टोक धारदार असतं, ते आवरण कापत जातं. पेन्सिलसारख्या टोकाची सुई तंतू बाजूला सारत आत शिरते, म्हणून मागे राहणारं छिद्र लवकर मिटतं. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 110 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात धारदार सुईनंतर 11 टक्के रुग्णांना डोकेदुखी झाली होती, पेन्सिल-टोकाच्या सुईनंतर 4.2 टक्क्यांना. एवढा फरक नुसत्या टोकाच्या आकाराने पडत असेल, तर जुन्या सुईची सवय सोडायलाच हवी. सुईची जाडीही मोजावी लागते. ती ‘गेज’ या मापात सांगतात; गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. धारदार सुईच वापरायची झाली तर तिच्या धारेची बाजू पाठीच्या लांबीला समांतर ठेवतात, आणि बाहेर काढण्याआधी सुईच्या पोकळीतली तार परत बसवतात.

‘मी लवकर उठलो म्हणून झालं’ असं रुग्ण स्वतःला दोष देतात, तेव्हा वाईट वाटतं. तासन्‌तास उताणं पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. जास्तीचं पाणी पिऊन ती टळते, याचाही पुरावा नाही.

बहुतेकांना आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरं वाटतं. फारच त्रास असेल तर रुग्णाचंच थोडं रक्त पाठीत, आवरणाच्या बाहेर सोडतात. ते गोठून छिद्र बुजतं. याला ‘ब्लड पॅच’ म्हणतात. पूर्वी असा त्रास झाला असेल तर सुई टोचण्याआधीच डॉक्टरांना सांगा आणि कोणती सुई वापरणार तेही विचारा. झोपूनही डोकं उतरत नसेल, ताप आला, मान आखडली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर लगेच रुग्णालय गाठा.