दोन रिसेप्टर आणि त्यांचा माग काढणारी विषं

फवारणीचं ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण पुण्यात ससूनला पोचतो, तेव्हा तोंडाला फेस असतो, छातीत घरघर असते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या असतात. ॲसिटिलकोलीन हे चेतातंतूचा निरोप स्नायू आणि ग्रंथींपर्यंत नेणारं रसायन. ते मोडणारं विकर बंद पडल्याने हे रसायन सगळीकडे साचलेलं असतं. प्रौढाला १.८ ते ३ मिलिग्रॅम ॲट्रोपीन शिरेतून देतात आणि छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. छाती मोकळी होते, नाडी वाढते. पण मान उचलण्याची आणि श्वास घेण्याची ताकद ॲट्रोपीनने परत येत नाही, तिथे व्हेंटिलेटरच लागतो. कारण स्नायूवरचा रिसेप्टर, म्हणजे ॲसिटिलकोलीनचा निरोप घेणारं प्रथिन, वेगळ्या जातीचा आहे आणि ॲट्रोपीन त्याला अडवत नाही.

हा भेद कळायला विषांचीच मदत झाली. १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन वापरलं. चेतातंतू तोडून झिजल्यावरही स्नायू आखडायचा. क्युरारे हे बाणांना लावायचं विष दिलं की ते थांबायचं, तरी विजेच्या थेट झटक्याला स्नायू दाद द्यायचाच. म्हणजे ही विषं तंतूवर नाही, आकुंचनाच्या यंत्रणेवरही नाही, तर मधल्याच एखाद्या घटकावर काम करत होती. रिसेप्टरची कल्पना इथून पुढे आली. १९१४ मध्ये हेन्री डेल यांनी ॲसिटिलकोलीनचे निकोटिनिक (निकोटीनसारखा, स्नायूंवरचा) आणि मस्करिनिक (मस्करीन या अळंबीतल्या विषासारखा, हृदय आणि ग्रंथींवरचा) असे दोन परिणाम वेगळे केले. ॲट्रोपीन अडवतं तो मस्करिनिक.

निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे पाच प्रथिनांचं कडं, मधोमध छिद्र. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू बसले की मिलिसेकंदात छिद्र उघडतं आणि सोडियम आत शिरतं. मस्करिनिकला स्वतःचं छिद्रच नाही. त्याची एकच साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते आणि आतल्या जी-प्रथिन नावाच्या निरोप्याला चालना देते. हृदयात एम२ या मस्करिनिक रिसेप्टरमुळे त्या प्रथिनाचा बीटा-गॅमा भाग पोटॅशियमची वाट उघडतो आणि ठोके मंदावतात. मधल्या या पायऱ्यांमुळे वेळ कित्येक पटींनी जास्त लागतो.

निकोटिनिक रिसेप्टर १९७०च्या दशकात वेगळा काढता आला, तो मण्यारीच्या तैवानी भाईबंदाच्या विषातल्या अल्फा-बंगारोटॉक्सिनमुळे. ते रिसेप्टरला चिकटलं की सहसा सुटत नाही. टॉर्पेडो या विजेच्या माशाच्या वीज निर्माण करणाऱ्या अवयवात असे रिसेप्टर खच्चून भरलेले असतात, म्हणून तोच निवडला गेला.

आपल्याकडे नाग चावून पापण्या मिटू लागल्या, तर प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मीन हे ॲसिटिलकोलीन मोडणारं विकर रोखणारं औषध देऊन पाहतात: ॲसिटिलकोलीन वाढलं की ते नागविषाला रिसेप्टरवरून हटवू शकतं. सोबत ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपीन देतात, नाहीतर मस्करिनिक बाजूने नाडी पडते. मण्यारीच्या दंशात हा उपाय बहुधा फसतो, कारण तिच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन चेतातंतूचं टोकच निकामी करतं. ॲसिटिलकोलीन बाहेरच पडत नसेल, तर निओस्टिग्मीन वाचवणार काय?