पायथन कन्सोल : कमांड-हाताळणीतील बदल

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या कन्सोलमध्ये (ओळ टाइप करताच उत्तर देणाऱ्या खिडकीत) टाइप केलेली ओळ एंटर दाबल्यापासून उत्तर छापले जाईपर्यंत ज्या टप्प्यांतून जाते, त्यांपैकी एखादा टप्पा आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याची पद्धत. टप्पे साधारण चार : मजकूर वाचणे, तो पूर्ण झाला की नाही हे तपासून कम्पाइल करणे (चालवण्याजोग्या रूपात आणणे), चालवणे आणि निकाल दाखवणे. कोणता बदल कोणत्या टप्प्यावर करायचा, हे ठरवण्यातच खरे कौशल्य आहे. बहुतेक घोटाळे दाखवण्याचे काम वाचण्याच्या टप्प्यावर, किंवा त्याच्या उलट, उरकण्यातून होतात.

सोलापुरी चादरींचा हिशेब हे सोयीचे उदाहरण. मराठी कळफलकावर ‘चादरी = २५०’ असे टाइप केले, तर ‘चादरी’ हे नाव पायथन ३ बिनतक्रार स्वीकारते; ‘२५०’ वर मात्र सिंटॅक्स एरर (व्याकरणाची चूक) येते. गंमत अशी, की हेच अंक अवतरणात घालून ‘इंट’ या पूर्णांक बनवणाऱ्या फंक्शनला दिले तर बरोबर वाचले जातात. म्हणजे अडचण भाषेच्या व्याकरणात आहे, अंक ओळखण्यात नाही.

उपाय पायथनच्या ‘कोड’ या मॉड्यूलमधील (तयार कोडच्या संचातील) ‘इंटरॅक्टिव्हकन्सोल’ या क्लासचा उपक्लास, म्हणजे हवा तेवढाच भाग बदललेली आवृत्ती, करण्याचा. त्यातील ‘रनसोर्स’ ही मेथड (क्लासमधील फंक्शन) बदलायची : आलेल्या मजकुरातील देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालायचे आणि तो मूळ ‘रनसोर्स’कडे सोपवायचा. बदल एकेका ओळीवर न करता इथे करायचा, कारण ‘रनसोर्स’ला आतापर्यंत साठलेल्या सगळ्या ओळी एकत्र मिळतात आणि अनेक ओळींची स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) कुठे सुरू झाली ते कळते. अंकांसाठी दहा जोड्यांचा तक्ता पुरतो. कन्नड-तेलुगू अंकही चालावेत असे वाटल्यास (सोलापुरात ही अपेक्षा अवाजवी नाही) ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधील ‘डेसिमल’ वापरावे. ते कोणत्याही लिपीतील दशमान अंकाचे मूल्य देते.

हमखास होणारी चूक ‘रिटर्न’ (मूल्य परत देणे) विसरण्याची. मूळ ‘रनसोर्स’ अपुऱ्या मजकुरासाठी ‘ट्रू’ (खरे) परत देते. त्यावरून कन्सोल पुढच्या ओळीची वाट पाहतो. ते मूल्य पुढे दिले नाही तर ‘नन’ (काहीच नाही) जाते, कन्सोल काम संपले असे समजून साठा रिकामा करतो. ‘फॉर’ लूपची (तेच काम पुन्हापुन्हा करण्याची) ओळ लिहून एंटर दाबले की पुढची ओळ मागणाऱ्या तीन टिंबांऐवजी पुन्हा >>> दिसते आणि आत सरकवलेल्या पुढच्या ओळीवर इंडेंटेशन एरर येते. चूक लूपमध्ये शोधत बसण्यात अर्थ नसतो.

दुसरी चूक सरसकट अदलाबदलीची. अवतरणातला पत्ता ‘सोलापूर ४१३००१’ असेल तर त्याचेही अंक बदलतात. अवतरणातील भाग रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्राने) वगळता येतो, तिहेरी अवतरणांचा पर्याय आधी ठेवून. पण मग एफ-स्ट्रिंगच्या (कंसातील हिशेबाचे उत्तर मजकुरात घालणाऱ्या स्ट्रिंगच्या) महिरपी कंसातले अंक तसेच राहतात. ‘दर२’ हे नाव पायथनला मान्य आहे, मात्र कन्सोलमध्ये त्यातला अंक बदलल्यावर ते वेगळेच नाव होते. फाइलमधून आणलेले ‘दर२’ मग सापडत नाही आणि नेम एरर येते. ‘तऱ्हा’सारख्या शब्दात काही कळफलक न दिसणारा शून्य-रुंदी जोडक घालतात, नावात तो पायथनला चालत नाही.

निकाल दाखवण्यासाठी ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘डिस्प्लेहुक’ आहे. २५० चादरी, दर ६५० रुपये : उत्तर १,६२,५०० असे लाखाच्या स्वल्पविरामासह हवे असेल तर इथे फंक्शन बसवावे. ‘नन’ आले तर काही छापू नये, आणि मूल्य ‘बिल्टइन्स’मधील अधोरेषा (_) या नावात ठेवावे, नाहीतर मागचे उत्तर अधोरेषेने वापरण्याची सोय जाते. पायथनमध्ये ‘ट्रू’ हाही पूर्णांकाचाच प्रकार असल्याने प्रकार नेमका ‘इंट’ आहे का, हे तपासणे बरे.

प्रॉम्प्ट (ओळ टाइप करण्याआधी दिसणारी खूण) ‘सिस’मधील ‘पीएस१’ आणि ‘पीएस२’ मध्ये असतो. तिथे स्ट्रिंगऐवजी ऑब्जेक्ट ठेवला तर त्याचे शब्दरूप दर कमांडपूर्वी नव्याने काढले जाते.

बदल कायम ठेवायचे तर ‘पायथनस्टार्टअप’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (संगणकाच्या प्रणालीत ठेवलेल्या सेटिंगमध्ये) हे बदल असलेल्या फाइलचा मार्ग द्यावा. ती फक्त कन्सोलसाठी चालते, स्क्रिप्टसाठी नाही. त्यामुळे कन्सोलमध्ये चाललेले देवनागरी अंक फाइलमध्ये अडतात. उपक्लासचा कन्सोल याच फाइलमधून सुरू केल्यास लिनक्सवर कंट्रोल-डी दाबल्यावर खालचा मूळ कन्सोल उघडतो, तेव्हा दोनदा बाहेर पडावे लागते.

आयपायथनमध्ये (पायथनच्या अधिक सोयींच्या कन्सोलमध्ये) उपक्लासची गरज नसते. ‘इनपुट_ट्रान्सफॉर्मर्स_पोस्ट’ या यादीत फंक्शन जोडायचे. त्याला ओळींची यादी मिळते आणि त्याने यादीच परत द्यायची. आयपायथन हे फंक्शन एकाहून अधिक वेळा बोलावू शकते. म्हणून त्यात छपाई किंवा फाइललेखन टाळणे बरे.