हॅगवॉनच्या नोकरीमागचा इतिहास

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या परदेशी तरुणांपैकी अनेकांची पहिली नोकरी हॅगवॉनमध्ये, म्हणजे खासगी क्लासमध्ये असते. शाळा सुटली की पिवळ्या व्हॅन मुलांना दारात आणून सोडतात. शिक्षकाची पाळी दुपारी सुरू होते ती रात्री नऊ-दहापर्यंत. व्याकरण आणि परीक्षेची तयारी सहसा कोरियन शिक्षक घेतो. परदेशी शिक्षकाने मुलांना बोलतं करायचं.

कोरियात परदेशी शिक्षकांकडून इंग्रजी शिकणं तसं जुनंच. अमेरिकेशी 1882 मध्ये करार झाल्यावर दुभाषे हवे होते, म्हणून 1886 मध्ये राजाश्रयाने निघालेल्या शाळेत तीन अमेरिकन शिक्षक आणले गेले. पण आजच्या धंद्याचं मूळ तिथे शोधू नये. ते परीक्षेत आहे.

हायस्कूलच्या आधीच्या मिडल स्कूलची प्रवेश परीक्षा 1969 पासून, आधी सोलमध्ये, रद्द झाली. 1974 मध्ये सोल आणि बुसानपासून हायस्कूलचे प्रवेशही सोडतीने होऊ लागले. मुलांवरचा ताण कमी व्हावा हा हेतू. झालं एवढंच, की सगळी चुरस विद्यापीठाच्या प्रवेशावर येऊन थांबली आणि शिकवण्या फोफावल्या. मग 30 जुलै 1980 रोजी चुन डू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर सरळ बंदीच घातली. बंडाने सत्तेवर आलेल्यांना लोकप्रिय व्हायचं होतं, आणि शिकवणीच्या खर्चाने पिचलेल्या पालकांना हा निर्णय आवडण्यासारखाच होता. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी चोरून शिकवण्या लावल्या. धोका वाढला तशी फीही वाढली. दशकाच्या अखेरीपासून बंदी सैल होत गेली. एप्रिल 2000 मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

दरम्यान इंग्रजीचं वजन वाढलं होतं. अध्यक्ष किम यंग-साम यांनी जागतिकीकरणाचा नारा दिला, 1995 मध्ये सरकारी शाळांसाठी परदेशी शिक्षक आणण्याची योजना निघाली आणि 1997 पासून तिसरीपासून इंग्रजी हा विषय आला. शाळेत तिसरीला येणार तर क्लासला त्याआधीच, हा पालकांचा हिशेब. त्याच वर्षाच्या शेवटी आर्थिक संकट आलं, कोरियाचं चलन वॉन कोसळलं, आणि डॉलरमध्ये घरी पैसे पाठवणाऱ्या शिक्षकांचा पगार हातातच वितळला. पण मागणी टिकली.

परदेशी भाषाशिक्षकांना मिळणाऱ्या ई-2 व्हिसाची चौकट इंग्रजीसाठी सात देशांची: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पदवी हवी, विषय कोणताही चालतो. म्हणजे अध्यापनाच्या प्रशिक्षणापेक्षा पासपोर्ट महत्त्वाचा. कोरियात शिकवलेल्या एका कॅनेडियन माणसाला 2007 मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपाखाली थायलंडमध्ये अटक झाली, तेव्हा पोलीस दाखला, अमली पदार्थांची चाचणी आणि एचआयव्ही चाचणीही सक्तीची झाली. पहिला नियम रास्तच होता. एचआयव्ही चाचणी मात्र निव्वळ परदेशी माणसावरचा संशय होता. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2015 मध्ये तिच्याविरुद्ध मत दिलं, 2017 मध्ये ती गेली.

व्हिसा मालकाशी बांधलेला असल्याने मालकाचं पारडं जड. वर्ष पूर्ण झालं की किमान महिन्याभराचा पगार निवृत्तिलाभ म्हणून द्यावा लागतो. त्यामुळे अकराव्या महिन्यात काढून टाकल्याच्या तक्रारी या धंद्यात जुन्या आहेत. रात्री दहानंतर क्लास बंद ठेवण्याचा सोलचा नियम न्यायालयाने 2009 मध्ये उचलून धरला, आणि तो मोडणाऱ्यांची खबर देणाऱ्याला बक्षीसही सुरू झालं. शिक्षकाला निदान घरी जायची वेळ मिळाली.

भारताशी झालेला आर्थिक भागीदारी करार 2010 मध्ये अमलात आला. त्यानुसार अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून घेता येतं. हॅगवॉनना ती मुभा नाही.