शिंप्याचा मुलगा लँबर्ट

बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्यांनी द्रावणातून जाताना प्रकाश किती घटतो, हे सांगणारा बीअर-लँबर्टचा नियम पाठ केलेला असतो. नकाशाशास्त्रात लँबर्टचं शंकू-प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक रीत, नेहमीचं. आणि ठरावीक मुदतीत यान एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवायचं, तर त्याची कक्षा काढायच्या गणितालाही ‘लँबर्टचा प्रश्न’ म्हणतात. तिन्हीकडचा लँबर्ट एकच, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

योहान हाइनरिख लँबर्ट १७२८ साली मुलहाउसला जन्मला. आज हे शहर फ्रान्समध्ये आहे. तेव्हा ते स्विस संघाशी करार केलेलं स्वतंत्र नगरराज्य होतं. वडील शिंपी, घरची ओढाताण. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा वडिलांच्या हाताखाली बसला. पुढे लोखंडाच्या कारखान्यात कारकुनी, मग बाझलला एका संपादकाकडे लेखनिकी. गणित शिकला ते उरल्या वेळात, आपलं आपण. १७४८ साली खूर गावच्या फॉन सालिस या सरदार घराण्यात तो मुलांचा शिक्षक म्हणून लागला. तिथला ग्रंथसंग्रह त्याला खुला झाला. त्याचं विद्यापीठ म्हणायचं तर तेच.

त्याच्या कामाची तऱ्हा १७६० सालच्या ‘फोटोमेट्रिया’ या प्रकाशमापनावरच्या ग्रंथात दिसते. प्रकाश मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतंच. मेणबत्त्या, काचा आणि पांढरा कागद एवढ्यावर त्याने भागवलं. एक उजेड दुसऱ्याच्या दुप्पट की तिप्पट, हे डोळ्याला सांगता येत नाही. पण शेजारशेजारचे दोन कागद सारखेच उजळलेत का, हे तो चटकन ओळखतो. मग मेणबत्ती मागेपुढे सरकवून दोन्ही सारखे करायचे आणि अंतरं मोजायची. दुप्पट अंतरावर उजेड चौथाई, एवढं ठाऊक असलं की बाकीचा हिशेब कागदावर. काचेतून किंवा द्रवातून जाताना उजेड कसा घटतो, हे फ्रान्सच्या बुगेरने १७२९ सालीच दाखवलं होतं. बीअर-लँबर्टच्या नियमाला नाव मात्र लँबर्टचं चिकटलं. बुगेरवर हा अन्यायच झाला.

शाळेत आपण पायची किंमत २२/७ धरतो. पाय कुठल्याच अपूर्णांकात नेमका बसत नाही, हे पहिल्यांदा सिद्ध केलं लँबर्टने, १७६० च्या दशकात. टॅन फलाची त्याने अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक अशी न संपणारी मांडणी केली. तिच्यावरून दाखवलं, की अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजलेला कोन शून्य सोडून परिमेय (अपूर्णांकात नेमका बसणारा) असेल तर त्याचा टॅन अपरिमेयच येतो. पण पाय भागिले चारचा, म्हणजे ४५ अंशांचा, टॅन तर चक्क १! म्हणजे पाय परिमेय असूच शकत नाही.

१७६४ साली तो बर्लिनला गेला. प्रशियाचा राजा फ्रेडरिकने विचारलं, काय काय येतं? म्हणे, “सगळं.” कुणाकडे शिकलात? “माझा मीच.” किस्सा तिखटमीठ लावलेला असेल, पण राजाचं पहिलं मत वाईट झालं, एवढं खरं. बर्लिनच्या विज्ञान अकादमीतली नेमणूक झाली ती १७६५ साली.

रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, या अर्थाचं युक्लिडचं गृहीतक खोटं मानलं तर काय होईल, हेही त्याने तपासून पाहिलं. तशा भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते आणि क्षेत्रफळ जितकं मोठं तितकी तूट जास्त, इथवर तो पोचला होता. ते लिखाण त्याने छापलं नाही. १७७७ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी तो वारला आणि १७८६ साली ते प्रसिद्ध झालं. युक्लिडला सोडून उभी राहिलेली भूमिती बोयाई आणि लोबाचेव्हस्की या गणितज्ञांनी उघडपणे मांडली, ती त्यानंतर आणखी चाळीसेक वर्षांनी.