कोरस सर्किटसाठी विलंब-चिप निवडताना

खानापूर-निपाणीकडच्या भजनी मंडळात दहा-बारा जण एकत्र अभंग म्हणतात, तेव्हा एखाद्याचा सूर किंचित चढा लागतो, एखाद्याचा शब्द जरासा मागे राहतो आणि या बारीक फरकांमुळेच तो आवाज भरदार होतो. एकट्या गिटारला तसा भरदारपणा देण्यासाठी कोरस सर्किट मूळ आवाजाची प्रत साधारण ५ ते १५ मिलिसेकंद उशिराने काढते, तो विलंब संथपणे कमी-जास्त करत राहते आणि ती प्रत मूळ आवाजात मिसळते. विलंब बदलत असताना प्रतीचा सूरही हलतो, आणि कोरसचा सगळा गोडवा त्यातच आहे.

हा विलंब देणाऱ्या ॲनालॉग चिपची रचना १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी मांडली. माणसांच्या रांगेतून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जाव्यात, तसा क्लॉकच्या (ठराविक वेगाने ठोके देणाऱ्या सिग्नलच्या) ठोक्यागणिक विद्युतभार एका कपॅसिटरमधून (भार साठवणाऱ्या भागातून) पुढच्यात सरकतो; असा प्रत्येक कपॅसिटर म्हणजे एक टप्पा. टप्प्यांच्या संख्येला क्लॉकच्या वारंवारतेच्या दुपटीने भागले की विलंब मिळतो.

निवडीचा निम्मा प्रश्न या भागाकारातच सुटतो. १० मिलिसेकंदांच्या विलंबासाठी २५६ टप्प्यांच्या चिपला सुमारे १३ किलोहर्ट्झचे क्लॉक लागते, आणि त्याची शिट्टी कानाला ऐकू येते. ४०९६ टप्प्यांच्या एमएन३००५ या चिपला त्याच विलंबासाठी २०० किलोहर्ट्झच्या वर जावे लागेल, पण तिची मर्यादा १०० किलोहर्ट्झ आहे. १०२४ टप्प्यांच्या चिपचे काम मात्र ५० किलोहर्ट्झच्या आसपास भागते. स्वस्त आणि सहज मिळणारी पीटी२३९९ ही विलंब-चिप अनेकजण सुचवतात, परंतु ती आतून डिजिटल आहे आणि तिचा विलंब साधारण ३० मिलिसेकंदांच्या खाली नीट उतरत नाही, म्हणून कोरससाठी मी ती सुचवणार नाही.

उरतात मात्सुशिता कंपनीच्या एमएन३००७ आणि एमएन३२०७. दोन्हींचे टप्पे १०२४च आहेत, मात्र ३००७ ही १५ व्होल्टसाठी बनवलेली असल्याने मोठा सिग्नल कमी गोंगाटात पेलते, तर ३२०७ ही ४ ते १० व्होल्टची असल्याने ९ व्होल्टच्या बॅटरीवर निवांत चालते. पहिल्यांदाच सर्किट जोडणाऱ्याने ३२०७च घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दोघींच्या वीजपुरवठ्याची ध्रुवता (धन-ऋण बाजू) उलट असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसवता येत नाही. क्लॉक देणाऱ्या वेगळ्या चिपचीही ३००७ला एमएन३१०१ आणि ३२०७ला एमएन३१०२ अशी जोडी ठरलेली आहे.

बेळगावकरांना अशा चिपसाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा बेंगळुरूचा एसपी रोड हे इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार सारखेच परके. मूळ मात्सुशिता चिपचे उत्पादन कधीच थांबले असून जुने नाव नव्याने छापलेला मालही बाजारात फिरतो, म्हणून ३२०७च्या जागी चालणारी कूलऑडिओ कंपनीची व्ही३२०७ घेणे अधिक सुरक्षित.

चिप बसवल्यावर इनपुटच्या पिनला प्रीसेटने (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रोधकाने) साधारण निम्म्या पुरवठ्याइतके बायस, म्हणजे स्थिर व्होल्टेज, द्यावे आणि गिटारची तार जोरात छेडत प्रीसेट अगदी हळू फिरवावा. एका बाजूला आवाज फाटतो, दुसऱ्या बाजूलाही फाटतो. या दोन्हींच्या मधोमध प्रीसेट सोडावा. चिपच्या आधी आणि नंतर लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) मात्र हवाच, कारण क्लॉकच्या निम्म्याहून वरचे सूर आत शिरले तर ते भलत्याच सुरांच्या रूपाने बाहेर येतात आणि एकदा मिसळले की कोणत्याही फिल्टरने वेगळे करता येत नाहीत.